चौथा गुरुवार

फॉर्मवर एक चौकट असते:
'भेटी का थांबल्या?'
तिच्यात दीड ओळ मावते.
सात वर्षं मी तिथे 'विद्यार्थी आला नाही' लिहितेय.
हे उत्तर नव्हे. प्रश्नच आहे हा,
फक्त पूर्णविराम दिलेला.

त्याचं नाव कोरी. नववीतला.
पहिल्या भेटीत चाळीस मिनिटं बूट बघत बसला,
तेव्हा काहीतरी बोलायचं म्हणून मी सांगितलं,
माझ्या भाषेत कोरी म्हणजे
अक्षर न उमटलेली पाटी,
घडी न मोडलेली साडी.
'साडी?' म्हणाला, आणि हसला.
त्याला हसताना शाळेत कुणी पाहिलं नव्हतं,
असं लिहिणार होते. पण मला काय माहीत?
मी त्याला गुरुवारीच पाहायची.

आमची खोली आधी हरवलेल्या सामानाची.
कपाटात अजून एकेकटे हातमोजे आहेत,
आणि एक ट्रम्पेट, जे शोधत कुणीच आलं नाही.
दाराच्या काचेवर मी खाकी कागद लावला होता;
नियमात बसत नाही म्हणून
केअरटेकर बर्नार्डनं तो खरवडून काढला, माफी मागत.
बोलावणं जायचं गुलाबी चिठ्ठीवर.
दातांच्या डॉक्टरची पांढरी, शिक्षेची पिवळी,
आणि गुलाबी कुणाची, हे वर्गाला तोंडपाठ.

दुसऱ्या गुरुवारी तो कुत्रीबद्दल बोलला.
तिसऱ्या गुरुवारी आधी कुत्रीबद्दलच,
मग ती कुणाच्या पावलांना घाबरते त्याबद्दल,
मग ती पावलं जिन्यात कशी वाजतात,
एक, दोन,
आणि तिसऱ्या पायरीवर कशी थांबतात.

तेवढ्यात मी घड्याळाकडे बघितलं.
नुसतं बघितलं. पावणेबाराला
दुसरी एक मुलगी बाहेर येऊन उभी राहणार होती.
मला बघताना त्यानं बघितलं.
'बाकी ठीकच आहे,' म्हणाला,
आणि बॅगेची चेन ओढली.

मी ते वर कळवलं. कळवावंच लागतं, आणि बरोबरच आहे ते.
पहिल्या दिवशी सांगितलंही होतं त्याला,
इथलं इथेच राहील, एक गोष्ट सोडून.
चौदाव्या वर्षी वाक्याचा
शेवटचा तुकडा कोण लक्षात ठेवतं?
कुणीतरी घरी जाऊन आलं. फाइलवर शेरा पडला.

झाकली मूठ सव्वा लाखाची,
इचलकरंजीत पाहुणे यायच्या आधी
आई आम्हाला दबक्या आवाजात बजावायची.
इथे ग्रिम्सबीत मला पगार मिळतो मुठी उघडण्याचा.
पण उघडलेला हात घेऊन पोरानं
पुढचे दोन तास गणित कसं करायचं,
तो कुठल्या खिशात घालून घरी जायचं,
हे कुठल्याच प्रशिक्षणात नव्हतं.

चौथ्या गुरुवारी खुर्ची रिकामी.
समुद्रावरून धुकं आलेलं,
छतावर सीगल पाय आपटत होते.
मी दोन चहा प्याले. त्यातला एक त्याचा.

मार्चमध्ये कॉरिडॉरात सुतारकामाचं प्रदर्शन लागलं.
गुरुवारचा तिसरा तास सुतारकामाचा असतो
हे मला तेव्हा कळलं.
सव्वीस पेट्या, बहुतेकांची झाकणं तिरकी.
त्याच्या पेटीची फट शोधावी लागत होती.

'बिजागरी मी दिली,' बर्नार्ड मागून म्हणाला.
'जुन्या लॅबच्या खिडकीची, अस्सल पितळी.
जेवणाच्या सुट्टीत येतो माझ्याकडे. बोलत नाही फारसा.
सँडपेपर मारत बसतो.
कधीतरी कुत्रीचं सांगतो.'

'आणखी काही?' मी विचारलं,
आणि विचारताक्षणी कळलं
की हाच तो आवाज, गुलाबी चिठ्ठीचा.
बर्नार्डनं किल्ल्यांचा जुडगा या हातातून त्या हातात घेतला.
'ते त्याला विचारा,' म्हणाला.

झाकणावर बोट फिरवलं. उघडलं नाही.

फॉर्म माझ्या ड्रॉवरमध्येच आहे,
चौकट कोरी.
ऑफिसातून दोनदा निरोप आला,
शुक्रवारपर्यंत भरून द्या.